मिलिट्रीचा मुराळी

॥ श्री ॥

भोर, ता. ११ फेब्रुवारी १९५४

चि. कुंडलिक यास ज्ञानोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. खडकीच्या लष्करी लिलावातून तू लॉरी घेतलीस आणि वेल्ह्यापासून पासलीपर्यंत आठ बैल जुंपून ती वर नेलीस, हे वाचून ऊर भरून आला. लढाईत या गाडीने इटलीचे डोंगर पालथे घातले म्हणतोस. घातले असतील. पण इटलीत तिला बैल लागत नव्हते, पासलीत लागले, याचा अर्थ काय तो तूच काढ. तू पलटणीत ड्रायव्हर होतास हे मला ठाऊक आहे. मीही संस्थानच्या मोटारखान्यात पंधरा वर्षे घालवली आहेत. मोटार म्हणजे काय हे तू मला शिकवू नकोस.

तुझ्या अक्काला पत्र मोठ्याने, तुझा आवाज काढून वाचून दाखवले. हल्ली ती दुपारच्या प्रौढ वर्गाला जाते. पाटीवर स्वतःचे नाव काढते आणि कौतुकाने बघत बसते, त्यामुळे पत्रवाचन अजून माझ्याकडेच आहे. ऐकून ती हसली नाही. तिला माहेरी पाठवा असे तू पुन्हा लिहिलेस म्हणून असेल.

कुंडलिक, त्यावर माझा शब्द ठरलेला आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही सगुणाला माहेरी न्यायला मुराळी म्हणून आलात, मीही सोबत निघालो, तुमच्या बैलगाडीचा आस ओढ्यात मोडला, माझे नवे पंपशू वाहून गेले आणि भोरच्या संस्थानी नोकराला अनवाणी घरी यावे लागले. तेव्हाच मी सांगितले, पासलीचे धड चाक माझ्या दारात, आपल्या जोरावर, येऊन उभे राहील त्या दिवशी सगुणाला पाठवीन. ओढून आणलेले चालणार नाही. मी रोज कचेरीत सायकलवरून जातो. तिला दोनच चाके आहेत, पण दोन्ही फिरतात.

सासूबाईंना नमस्कार. त्यांच्या मोडलेल्या कमरेला आराम पडो. लोभ आहेच, तो तुझ्या गाडीसारखा वाटेत अडून बसू नये.

ज्ञानोबा

॥ श्री ॥

पासली, ता. २१ मार्च १९५४

ती. दाजींच्या चरणी कुंडलिकचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण महिनाभर पुण्यात जुन्या बाजारात सामान शोधत होतो. कार्बोरेटर मिळाला, पंखा मिळाला. खांद्यावर पोते टाकून घरी आलो, तर खळ्यात गाडी होती, पण निम्मीच. दिवे नाहीत, वरची ताडपत्री नाही, खोलून ठेवलेल्या मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम नाही. मला वाटले दरोडा पडला.

दरोडा आईनेच घातला होता, बाजेवरून न उठता. आपल्याकडे नवी म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा वाटा घरोघर जातो. आईने विचार केला, गावात पहिली गाडी आली आणि कुणाच्या घरी काही गेले नाही, लोक काय म्हणतील? गाडीचा चीक काढता येत नाही, म्हणून सुटे दिसले ते तिने वाटून टाकले. सोजराबाई दिव्याच्या वाटीखाली कोंबडीची पिल्ले झाकते. गेनू धनगराची करडे ताडपत्रीखाली झोपतात. ड्रम तिने भैरोबाला वाहिला. देवळात त्याची घंटा झाली आहे आणि आवाज, खोटे का बोलू, फार चांगला येतो.

मागायला गेलो तर सगळ्यांचे एकच म्हणणे, वाटा दिलेला परत मागतात का? शेवटी आमची म्हैस व्याली. मग खरवसाचे वाडगे घेऊन घरोघर हिंडलो आणि एक वाटा देऊन दुसरा परत आणला. देवाचा मात्र राहिला. देव खरवस खात नाही.

दाजी, तुम्ही हसा. पण आई आता बाजेवरून उठत नाही, आणि कुणाची पावले वाजली की सगुणा आली का म्हणून विचारते. रोज विचारते. मी भाताच्या वाहतुकीसाठी गाडी घेतली असे गावाला सांगितले आहे. तुम्हाला खरे सांगतो, मला एकदा तुमच्या दारात भोंगा वाजवायचा आहे. मृग लागला की आमची वाट बंद, मग दिवाळीशिवाय चाक हलणार नाही. आईची दिवाळी कुणी पाहिली आहे?

चैत्रात जत्रेला या. अक्काला आणणार नाही हे माहीत आहे, निदान तुम्ही या. आपल्या पायांची धूळ लागू द्या, पंपशूंची नसली तरी चालेल.

आपला कुंडलिक

॥ श्री ॥

भोर, ता. १९ एप्रिल १९५४

चि. कुंडलिक यास अ. आ. वि. वि.

जत्रेचा पाहुणचार झोकात झाला. मटण झणझणीत होते, भाकरी गरम होत्या आणि माझा बिछाना कोंबड्यांच्या शेजारी होता. तुम्ही कसर ठेवली नाहीत.

तुमची ती भवानी, म्हणजे लॉरी, पाहिली. लोक देवाचे दर्शन घेऊन तिचे घेत होते, दोन बायांनी तर तिला हळदकुंकूही लावले. तू कुस्त्यांच्या फडाकडे गेलास तेव्हा मी झाकण उघडून इंजिनात नजर टाकली. मला वाटले होते त्यापेक्षा सामान बरे जमवले आहेस. आदल्या दिवशी ती दोनदा खोकली असे तुमच्या गावचा म्हादू म्हणाला. म्हातारे माणूस खोकते, म्हणून काही ते कुस्तीला उतरत नाही.

सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. मला अवघडल्यासारखे झाले. त्यांनाही तेच सांगितले, चाक दारात लागू द्या, त्याच दिवशी पाठवतो. मी शब्दाचा पक्का आहे.

मी दोन दिवस नव्हतो तर घरी सगुणाने सगळी भांडी घासून उलटी मांडून ठेवली होती. चुलीजवळ जाऊन बसलो तर ती विचारते, आई कशी आहे? बरी आहे म्हणालो. एवढ्यावर तिचे भागत नाही. काय नेसली होती, काय बोलली, माझे नाव घेतले का. आमच्या लेकीचे, ठकूचे, लग्न करून तिला कामथडीला पाठवल्यापासून घरात आम्ही दोघेच, त्यामुळे सगळी उत्तरे मलाच द्यावी लागतात.

लोभ ठेव, गाडी मात्र विकून टाक.

ज्ञानोबा

॥ श्री ॥

पासली, ता. ४ मे १९५४

ती. दाजींस कुंडलिकचा शि. सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. देवाने ड्रम दिला. रखमाजी गुरवाने कौल लावला, देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी विचारले, भाताच्या वाहतुकीला ड्रम नेऊ का? डावी पडली. पुन्हा विचारले, नवी घंटा आणून देतो, आता नेऊ का? पुन्हा डावी. गुरव म्हणाला, “देवाला लाच दावतुस व्हय रं? खरं काय ते सांग की.” मग मी गावासमोर सांगितले, गावची लेक सहा वर्षे माहेरी आलेली नाही, तिला आणायला मुराळी पाठवायचा आहे. शब्द संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली. गर्दीतल्या भागूबाईने डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण मला पदर नाही.

आता वाईट बातमी. ड्रम बसवला, चाक चढवले, तेल भरले. सारा गाव ढकलायला आला. गाडी जत्रेआधी दोनदा खोकली होती, तिने आता खोकणेही सोडले. उघडून पाहिले तर ठिणगी वाटणाऱ्या टोपीच्या आतला रोटर नाही. पलटणीत आम्ही गाडी सोडून जाताना हाच काढून खिशात टाकायचो, म्हणजे शत्रूला ती चालवता येत नसे. काळा, अंगठ्याएवढा तुकडा, डोक्यावर पितळेची पट्टी. आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. आईला विचारले तर ती चिडली. ती म्हणते, “म्या वाटते ते समद्यांदेखत वाटते. टोपी उघडून आतलं काढायची माझी रीत न्हाई.”

पुण्यातले दुकानदार म्हणतात, या मिलिट्री मॉडेलचा रोटर मुंबईहून येईल, दोन महिने धरा. मला दोन महिने नाहीत. आईने परवापासून जेवणही कमी केले आहे. दाजी, आता थट्टा नको. तुमच्या ओळखीत, जुन्या मोटारखान्याच्या माणसांकडे कुठे असा तुकडा असेल तर शोधा. मी तुमच्या पाया पडतो.

कुंडलिक

॥ श्री ॥

भोर, ता. १४ मे १९५४

चि. कुंडलिक यास अ. आ. वि. वि.

पत्र अक्काला वाचून दाखवले. गुरवाचा आवाज मला फार छान जमला. तुमच्या देवाला तरी दुसरे काम काय म्हणा, मोटारीचे सुटे भाग मंजूर करत बसतो.

रोटरचा सर्वत्र शोध घेतला. सगळ्या भोरात असा तुकडा नाही. माझे ऐक, गाडीत कोंबड्या घाल, सोजराबाईची पिल्ले आहेतच. दिवाळीनंतर पाहू. सासूबाईंना म्हणावे, सगुणा कुठे पळून जात नाही. खरे सांगायचे तर ती गेली तर मला चहाची पत्ती कुठल्या डब्यात आहे हेही माहीत नाही. पन्नाशीच्या माणसाने डबे उघडत बसायचे का?

तुझ्या अक्काने उन्हाळ्याचे म्हणून पेटीतले कपडे आज वाळवले आणि तेव्हापासून ती फारच कामाला लागली आहे. सासूबाईंसाठी शेंगदाण्याचे लाडू केलेत. बाजाराला आलेल्या तुमच्या भिमाकडे डबा मी स्वतः देतो आहे, वर फडके बांधून, नीट सांभाळून ने म्हणून. जावई असा पाहिजे.

माया असू दे, राग असेल तर तो लाडवांवर काढ.

ज्ञानोबा

(लाडवांच्या डब्यात, तळाशी, पाटीच्या अक्षरासारख्या मोठ्या अक्षरांत)

कुंडलिका, आशीर्वाद. हे माझं पहिलं पत्र. चुकलं तर हसू नको, हसायला हितं एक माणूस आहे.

काळा, अंगठ्याएवढा, डोक्यावर पितळ. ह्योच का? ह्यांच्या जत्रेच्या कोटाच्या खिशात गावला. ह्यांनीच तुझं पत्र वाचून दाखवलं म्हणून म्या वळखला. ह्यांना कळू न देता लाडवांखाली घातला. डबा तेच आणून देत्यात, देऊ दे.

ये. मी लुगडी बांधून ठेवलीत.

सगुणा

॥ श्री ॥

पासली, ता. २८ मे १९५४

ठकूच्या वडिलांच्या चरणी सगुणाचा नमस्कार.

आमी सुखरूप पोचलो. तुमी दारात हुबे होता, हातात पानाचा विडा, तो तोंडात जायचा राह्यला. कुंडलिकानं भोंगा वाजवला तवा तुमी दोन पावलं मागं सरलात. शेजारची मंडळी बघत हुती, म्हणून तुमी हसून म्हणालात, या या, आमी शब्दाचे पक्के. ते लई शोभलं.

कामथडीला थांबून ठकूला घेतलं. नसरापुरात लोक गाडीमागं पळत आले. ओढ्यात, जिथं तुमचे पंपशू गेले, तिथं कुंडलिकानं मुद्दाम गाडी सावकाश घेतली. पासलीत रखमाजी गुरवानं चाकावर नारळ फोडला आणि खोबरं घरोघर वाटलं. ह्या वक्ताला वाटा बरोबर गेला.

आईनं मला वळखलं. माझा हात तिनं तीन दिस सोडला न्हाई. काल अर्धी भाकरी खाल्ली, आज मला रागावली, लुगडं नीट नेसत न्हाईस म्हणाली. ती रागावली तवा मला धीर आला. तिच्यापाशी ह्या सहा वरसांत कवाच यायला पायजे हुतं, तुमचा लई राग आला. आता थोडा कमी झालाय.

कोट परत पेटीत ठेवलाय. खिसा रिकामा आहे, त्यातला तुकडा शोधू नका. चहाची पत्ती खालच्या फळीवर, निळ्या डब्यात. तुमाला म्या घरात नसले की करमत न्हाई, हे तोंडानं बोलला असता तर चार दिसांत परत आले असते. खिशात लपवायची चीज न्हाई ती.

आता परत कवा येणार म्हणून पुसाल. आठ-धा दिसांत मृग, वाट बंद हुईल. कुंडलिक म्हणतो मी सोडतो. पण म्या त्याला नको म्हणाले. तुमीच लावलेली रीत हाय, ती मोडायची न्हाई. न्यायला या, तुमच्या सोताच्या चाकावर, आपल्या जोरावर, पासलीच्या दारापत्तुर. वढून आणलेलं चालायचं न्हाई.

सायकल घेऊन याल, हे मला ठाव हाय. घाटात ती तुमाला घेऊन येती का तुमी तिला, हे समदा गाव बघंल. सायकल धड चाकात मोजावी का न मोजावी, म्हणून आज गुरवाला कौल लावायला सांगितलाय. दोन्ही पाकळ्या अजून देवाच्या अंगावरच हायेत. देवाला घाई न्हाई, मलाबी न्हाई.

जिवाला जपा, नी दूध उतू जाऊ देऊ नका.

तुमचीच,
सगुणा