झाडूंची मूठ सैल नव्हती

ती. मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून केला आहे, कारण पुढे येईल.) मामीचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? झाडूंच्या कारखान्याची चौकशी करायला मात्र जीभ रेटत नाही, कारण सरकारी खरेदीतून त्याचं नाव वर्षभरासाठी बाद झालं ते माझ्याच हातून. कामावरच्या बायकांना घरी बसवावं लागलं, हे मामीने फोनवर सांगितलं. "ज्याने केलं त्या मेल्याचे हात झडोत," असंही म्हणाली. मी हो म्हटलं.

झालं असं, की मी ज्या ऑफिसात भांडार सांभाळतो तिथली एक जुनी रीत आहे. पडदा घ्यायचा तर वरची मंजुरी लागते, कपबश्यांना लागते, साहेबांच्या खुर्चीच्या गादीला तर लागतेच लागते. झाडूला लागत नाही. म्हणून पडदे, कपबश्या, गादी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं आम्ही 'झाडू' म्हणूनच घेत आलो. (साहेबांच्या खोलीतला एक झाडू छताला लटकतो आणि छान वारा देतो.) दुकानदार ओळखीचा, त्याला बरोबर कळायचं कोणता झाडू हवा ते.

मग खरेदीची ऑनलाइन यंत्रणा आली. माणसाने मागायचीसुद्धा गरज नाही. जुना खप बघून ती आपणच मागवते, सगळ्यात स्वस्त पुरवठादार आपणच निवडते, आणि वशिला नको म्हणून त्याचं नाव आम्हाला कळू देत नाही. तुमच्याकडे आलो तेव्हा मीच छाती ठोकून म्हणालो होतो, "मामा, नाव नोंदवा, घरबसल्या ऑर्डर येईल." तुम्ही नोंदवलंत. इकडे यंत्रणेने आमचा खप पाहिला. हे लोक अहोरात्र झाडतच असतात, अशी बिचारीची प्रामाणिक समजूत झाली. एका सकाळी फाटकाशी ट्रक उभा, आणि त्यात झाडू. खरेखुरे! (असले आमच्याकडे बऱ्याच वर्षांत आले नव्हते.) भांडार भरलं, जिना भरला, साहेबांना पाय ठेवायला जागा उरेना. ते म्हणाले, "तपासणी तोंडावर आलीय. काहीही कारण द्या, पण हे परत धाडा."

कारणं संगणकाच्या पडद्यावर तयारच असतात. मी 'माल निकृष्ट' निवडलं आणि वर शेरा मारला, 'मूठ सैल.' एकही झाडू हातात न घेता. यंत्रणेने पुरवठादाराला तत्काळ बाद केलं आणि मगच त्याचं नाव दाखवलं. मामा, मी जिन्याकडे धावलो, एक मूठ पाहिली. तुमचीच ती दुहेरी गाठ. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तुमचा भाचा

ता. क. शेरा मागे घेता येतो, पण खरं कारण लिहावं लागतं: माल उत्तम, आमचा खपच खोटा. म्हणजे कपबश्यांसकट सगळं बाहेर येणार, आणि त्यापाठोपाठ मीही. तेव्हा एवढं एक वर्ष मुकाट्याने काढून भाच्याला सांभाळून घ्याल का, एवढं विचारायलाच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. काल रात्री पत्र तसंच ठेवून पाणी प्यायला उठलो. दारामागे मामीने नव्या घरासाठी दिलेला झाडू होता. काडी न् काडी जागेवर. आज ऑफिसात गेल्या गेल्या शेरा मागे घेतला, खरं कारण लिहिलं. वरची विनंती रद्द समजावी. आता नवी विनंती: कारखान्यात एक जागा निघेल का? मूठ बांधायला शिकेन. सुरुवातीला सैल बसेल.