सुनांना मताधिकार आणि कुकरचे शेअर

शनिवार, ५ जुलै २०२५. दुपारी ४.२०.
याच मिनिटाला आमच्या महाराजपूरच्या महिला गुंतवणूक मंडळात माझा विश्वासघात झाला. मंडळाचे कुकर कंपनीचे शेअर विकायचे, असं चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं. ते मी निवडले होते! मालनबाई म्हणे, "काहून रडून राहिल्या दीदी? शेअर आहे, लेक नाही." मी रडत नव्हते. मी अध्यक्ष आहे. विक्री दोन आठवडे तहकूब केली.

रविवार, ६ जुलै.
कॉन्व्हेंटमध्ये हिस्टरी उगाच नाही शिकले. १९८९ साली मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं आणि पुढे बाजार चढला. म्हणजे मतदार वाढले की भाव वाढतात. बाकीचे देश तपासायची गरज वाटली नाही.
उपाय: सातही जणींच्या एकेका सुनेला मताधिकार द्यायचा. सासूसमोर बसून अध्यक्षांविरुद्ध कोणती सून हात वर करेल?

शनिवार, १२ जुलै.
ठराव एकमताने मंजूर. मालनबाईसुद्धा हो म्हणाली. घाबरली असावी.

सोमवार, १४ जुलै.
कुकर चाळीस पैसे वर. इतिहास खोटं बोलत नाही.
माझी सून प्रणाली फोनवर कुणाला तरी "बहुत मजा आएगा" म्हणत होती. लोकशाहीचा उत्साह.

शनिवार, १९ जुलै. संध्याकाळ.
तेरा विरुद्ध एक.
कुकर विकून घरपोच जेवणवाल्या ॲपचे शेअर घेणार. मालनबाईची सून नीलिमा म्हणाली, "काकूजी, कुकर लावतं कोण आता?" पहिला हात प्रणालीचा. तिलाच सेक्रेटरी केलं.
मग दुसरा ठराव: पासष्टीच्या पुढच्या सभासद 'मार्गदर्शक'. मान आहे, मत नाही. पासष्टीच्या पुढे मी एकटीच. मालनबाई चौसष्टची. आधार कार्ड घेऊनच आली होती!
राजीनामा देते म्हटलं. तीन वर्षं कुणालाही मंडळ सोडता येत नाही म्हणे. नियम वाचला. उत्तम इंग्रजी. माझंच.

रविवार, २० जुलै.
सेक्रेटरीला निषेधाचं पत्र दिलं. तिने वाचलं आणि विचारलं, "आई, चहा टाकू का?" तोंडी उत्तर चालणार नाही, असं बजावलं. चहा घेतला.
दुसरं पत्र आत्ताच तिच्या हातात दिलं. मजकूर: पुढच्या शनिवारची बैठक आपल्याच घरी आहे. त्या वेळी मी हॉलमध्ये बसायचं की आतल्या खोलीत, हे गुरुवार, २४ जुलै, संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळवावं.