'बघून घेते'मधला 'तुम्हाला'

मंगळवार, संध्याकाळ

भाजी फोडणीला टाकायची राहिलीये, पण हे आधी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. आज डेअरीत मेमो मिळाला. मी साहेबांना 'तुम्हाला बघून घेते' अशी धमकी दिली म्हणे! आठ दिवस कामावर यायचं नाही, वर लेखी माफी. उद्या मिरजगावभर बोभाटा होणार.

हा 'तुम्हाला' आला कुठून? शनिवारी दुधाची फॅट मोजायचं मशीन बंद पडलं, दूध घालणारे ओरडायला लागले, साहेब घाबरेघुबरे. मी म्हणाले, "तुम्ही निघा साहेब, मी बघून घेते." म्हणजे मशीनचं. साहेब तोवर गाडीपाशी पोचले होते. त्यांना धड ऐकू तरी गेलं असेल का?

मेमोत लिहिलंय, 'उपस्थित कर्मचाऱ्याने सांगितल्यानुसार'. तिथे कॅन धुणाऱ्या पोपटशिवाय होतं कोण? सहा वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खातो तो. 'तुम्हाला' त्याने घातला, की साहेबांनीच घुसडला? आज मी मेमो वाचत होते, तेव्हा तो धुतलेलाच कॅन पुन्हा धूत होता. वर बघेचना.

का माझा आवाजच तसा आहे? घरीही म्हणतात, तू साधं बोललीस तरी भांडल्यासारखं वाटतं.

आत्ता पोपटचा मेसेज आला. "ताई, टेन्शन नका घेऊ. मी हाय ना, मी बघून घेतो."

तीनदा वाचला. त्यात 'तुम्हाला' कुठेच नाही. तरी मला ऐकू आला.