न समजलेली एक गोष्ट

प्रिय ढब्बू,

‘कच्च्या पोरांच्या वर्गात मी बसणार नाही’ हा तुझा निरोप पोचला. मी रागावले नाही. दोन वर्षांपूर्वी माझंही नाक असंच वर होतं. गाड्यांच्या पोटात शिरायला तुला आवडतं, गॅरेजात तू मजेत आहेस, सगळं मान्य. पण इंजिनिअर व्हायचं तुझ्या मनातून गेलेलं नाही, आणि आपल्या शाळेसारख्या शाळांतून आलेल्यांना विद्यापीठात प्रवेश मिळतो तो या पूर्वतयारी वर्गातूनच. सोमवारी तो सुरू होतोय. तेव्हा नीट ऐक.

पहिल्याच दिवशी आम्ही काय घोळ घातला सांगू? गणिताच्या बाईंनी तासभर आलेख शिकवले आणि विचारलं, समजलं का. आम्ही सगळे एका सुरात, समजलं बाई. मग त्यांनी एकेकाला फळ्यापाशी बोलावलं, तर कुणालाच ओ की ठो कळलेलं नव्हतं. आपल्या शाळेत प्रश्न विचारला की कान पिळला जायचा, त्यामुळे मान डोलवायची सवय हाडीमाशी खिळलेली. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी नियमच केला: वर्ग सुटताना प्रत्येकाने न समजलेली एक गोष्ट सांगायची, त्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीला आम्ही चोरासारखे पुटपुटायचो. मग अशी जीभ सुटली, की बाईंनाच घरी जायला उशीर होऊ लागला.

आता पदवीच्या वर्गात आजूबाजूला मोठमोठ्या शाळांतली पोरं असतात. प्राध्यापक भराभर पुढे गेले की मी हात वर करून सरळ सांगते, हे कळलं नाही. मागच्या बाकांवरून हुश्श ऐकू येतं, कारण त्यांनाही कळलेलं नसतं. मला आता कुणाची भीती वाटत नाही रे. तुलाही असंच वाटावं अशी फार इच्छा आहे.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. मागच्या आठवड्यात आई लाँड्रीतलं काम आटोपून तुझ्या गॅरेजवर आली होती ना? तिला तुला काहीतरी सांगायचं होतं. तू चारचौघांत त्या वर्गाची टर उडवलीस, तशी ती डबा ठेवून परतली. वयाची अट नाही म्हटल्यावर तिने हळूच तिथे नाव घातलंय. शाळेनंतर थांबलेलं शिक्षण तिला पुरं करायचंय. आता म्हणते, पोराला माझी लाज वाटेल, राहू दे. माझं ऐकत नाही. सोमवारी तिला घेऊन जा, आणि तिच्या शेजारी बस.

तुझीच,
ताई