आखूड नळी, सरकती नळी

अब्बा, शाळेत दुर्बीण यायची आहे आणि मुंबईच्या दुकानदारानं विचारलंय, डोळ्याकडची नळी कोणती हवी: एकाच मापाची आखूड, की ओढून वस्तू लहानमोठी करता येणारी सरकती? हेडमास्तरांनी कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "तुमच्या घरी दुर्बीण होती ना, तुम्हीच ठरवा." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या सरकत्या नळीचं नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसलो.

ती दुर्बीण तुम्ही पुण्यात, विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या लिलावात घेतलीत. जुन्नरात आपल्या कागद बनवणाऱ्यांच्या आळीत तेव्हा कुणाकडं धड चष्मा नव्हता. जन्मभर कागद घोटून गुळगुळीत करता करता तुमची नजर अधू झाली होती, पण ते कबूल कराल तर तुम्ही कसले. पेटीत दोन्ही नळ्या निघाल्या. आखूड नळीतून सगळं लहान दिसायचं, पण आभाळाचा मोठा तुकडा एकदम यायचा. सरकती जसजशी ओढावी तसतसं सगळं मोठं होत जायचं आणि अंधारतही जायचं. पूर्ण आत ढकलली तरी भोकातून बघितल्यासारखं एवढंसंच आभाळ. तुम्हाला नेमकी तीच आवडली. "एकीत समदं भागतंय तर दुसरी कशाला?" म्हणालात, आखूड नळी ट्रंकेत टाकलीत आणि किल्ली अम्मीकडं दिलीत. मी म्हणालो, एक ना धड भाराभर चिंध्या. त्यावर कारागिरांसमोर मला ऐकवलंत, "मास्तर झालास म्हून बापाला शिकवू नगंस." हट्टी होता तुम्ही. हट्टी आणि मानाचे भुकेले.

मान काही कमी नव्हता. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. साक्ष दोघांची लागते, आणि काजीसाहेबांच्या लेखी त्यातली एक तुमची ठरलेली. दुर्बीण आल्यापासून तर तुम्ही गच्चीवर चढलात की खाली आळीभर माणसं माना वर करून उभी राहायची.

त्या वर्षीची ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढं आहे. पश्चिमेला धुरकट आभाळ, शिवनेरीच्या उजव्या अंगाला थोडा उजेड. तुम्ही नळी आतबाहेर करताय, डोळ्यांतून पाणी गळतंय, काजीसाहेब जिन्याच्या तोंडाशी उभे आहेत. तुम्ही डोळे पुसायला बाजूला होता आणि मी खिशातून आखूड नळी काढतो. सकाळीच अम्मीला गोड बोलून ती मिळवली होती. नळी बदलतो, डोळा लावतो आणि म्हणतो, "दिसला."

तुम्ही मला ढकलून पुढं होता. "कुठाय? काय बी न्हाई हितं."

"आता डोंगराआड गेला. तुमच्या नळीत जन्मात घावला नसता."

तुम्ही सरळ उभे राहिलात आणि काजीसाहेबांना म्हणालात, "ह्याची साक्ष धरू नगा. खोटं बोलतोय त्यो."

"पोटचा पोरगा हाय तुमचा."

"म्हून तर सांगतोय."

चारचौघांत, अब्बा. खाली माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप उभे होते. मास्तराजवळ त्याच्या शब्दाखेरीज असतं काय? तो शब्द तुम्ही गच्चीवरून खाली फेकून दिलात.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावानं तिसावा रोजा धरला. दुपारी मंचरहून रात्रीच निघालेला एक बैलगाडीवाला आला आणि चकित होऊन म्हणाला, "आमच्याकडं आज ईद हाय की. काल तिथं लई जणांनी चांद बघितला. तुमी अजून रोज्यात?" ईदच्या दिवशी रोजा धरायचा नसतो, म्हणून आळीनं उभ्या उभ्या पाणी पिऊन तो सोडला. लोक मला मिठ्या मारत होते आणि तुमच्याकडं बघत होते. "म्हातारा नळीपायी अडला," कुणीतरी तुम्हाला ऐकू जाईल असं बोललं. पुढच्या वर्षी काजीसाहेबांनी मला बोलावलं. तुम्ही पुन्हा गच्चीवर चढला नाहीत.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं जगलात. चार वर्षं मी वाट पाहिली, की कधीतरी म्हणाल, चुकलो. शेवटच्या दुखण्यात चमच्यानं पाणी पाजतानाही वाट पाहत होतो. तुम्ही पाणी प्यायलात आणि भिंतीकडं तोंड केलंत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. माझा राग गेलेला नाही.

शाळेसाठी मी आखूड नळी लिहून दिली. तीच बरी, पोरांना आधी हवी ती वस्तू सापडली तर पाहिजे. तुमची नळी पुन्हा एकदा हरली याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून एवढं लिहितो. त्या संध्याकाळी आखूड नळीत मला नुसता धुरळा दिसला होता. तुमची नळी हरावी म्हणून मी 'दिसला' म्हणालो. तुम्हाला ते ठाऊक होतं. माझ्या साक्षीवर गाव ईद करत राहिलं, तुमच्याकडं कुणी फिरकेना, तरी मरेपर्यंत तुम्ही मला पुन्हा खोटा म्हणाला नाहीत. म्हणायला हवं होतं तुम्ही.