डुक्कर फियाट विकणे आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प: फियाट विकायची आणि रागवायचं नाही. यमाईपुढं दिवा लावून ठरवलं. इटलीच्या कंपनीची म्हणे, १९५५ चं मॉडेल. पाठीमागून गोल, म्हणून सगळे डुक्कर फियाट म्हणतात. ती माझ्या गोठ्यात, आणि म्हैस तीन पावसाळे ताडपत्रीखाली! ह्यांनी मिलिटरीतून रिटायर झाल्यावर तीन वर्षं तिच्यापायी घातली. मूळचा राखाडी रंग जुळवायला सांगलीला सात खेपा. आता विकायला तयार आहेत, पण ह्यांना बोलता कुठं येतं? व्यवहार मी बघणार. सहा लाख. रुपया कमी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
फलटणचा वीरधवल आला. जुन्या गाड्या जमवतो. चपलेसकट आत बसला! उतरवलं. म्हणतो, "आवं काकू, ब्रेक चपलेनंच दाबत्यात." म्हटलं, दसऱ्याला पूजा होते तिची. पाच लाख म्हणाला. घालवून दिला. ह्यांनी त्याला दोनदा चहा पाजला. मी रागावले नाही. फक्त कपबशी फुटली.

८ नोव्हेंबर, शनिवार
गाडी बोडकी दिसते, म्हणून भाव येत नाही. हे साताऱ्याला कॅन्टीनच्या सामानाला गेले, तोवर गुंडा पेंटरला बोलावलं. उसाच्या ट्रॉल्या रंगवायला गावात आलाच होता. उरलेला लाल ऑइलपेंट, मजुरी निम्मी. ट्रॉलीवर असतं तसं सगळं केलं: कडेनं वेलबुट्टी, मागं 'यमाई प्रसन्न', खाली नातवांची नावं, शिवतेज, ऋषिराज. लय शोभा आली. हे आले, बघितलं, पायरीवरच बसले. आनंदानं बोलवेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार
वीरधवल परत आला, साडेपाच घेऊन. चपला स्वतःहून काढल्या. मग मागं गेला, नावं वाचली.
"काकू, शिवतेज कोण?"
म्हटलं, थोरला नातू.
"आन् त्याच्या नावानं मी हिंडू व्हय?"
म्हणे, पैसे त्या राखाडी रंगाचेच होते. आता दीड लाख. म्हटलं, देवीच्या नावाचे चार लाख कापतोस, मेल्या? गेला. आणि ह्यांनी मधे एक शब्द बोलू नये? सगळं मीच करायचं?

१६ नोव्हेंबर, रविवार
वीरधवलला मीच फोन लावला. दीड तर दीड. त्यानं सांगलीत दुसरी घेतली.
चार दिवस झाले, हे थिनर घेऊन गाडीमागं बसलेत. लाल रंग निघाला, त्याबरोबर राखाडीही. खालचा पत्रा दिसतोय. मला काही बोलतील म्हणून वाट बघतेय. बोलत नाहीत. त्याचाच संताप. शेवटी मीच भांडायला गेले. मान वर न करता हे म्हणाले, "ही चिंधी भरली. दुसरी दे."
चिंध्या संपल्या होत्या. माझी निळी सुती साडी फाडून दिली. अजून दोन वर्षं निघाली असती.