बू राशिद यांच्या बंदुकीची पट्टी

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांच्या चरणी रास अल खैमाहून राजनचा नमस्कार. आणि काकूंना वेगळा, कारण तुमच्यातला वाटून घेतलेला त्यांना चालत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही 'उत्तम' म्हणता आणि मागून काकू 'कसला उत्तम' म्हणतात, म्हणून लेखी विचारतो आहे. यंदा माकडांनी काजू किती ठेवला? आमच्याकडे सगळं ठीक. माझी साखर डॉक्टरांच्या मते सीमेवर उभी आहे (व्हिसा मिळाला की आत येईल). वेदांग बारावीला आहे आणि आमच्याशी इंग्रजीत बोलतो, तेही जेवण तयार असेल तर. मृणालिनीने मागच्या अंगणात एसीच्या पाण्यावर अळू आणि कढीपत्ता असा काही वाढवला आहे की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक ओळख नसताना 'कसे आहात' विचारायला येतात.

हे अंगण जातं की राहतं, असा प्रसंग गेल्या महिन्यात आला होता. आमचे घरमालक बू राशिद तुम्हाला फोटोतून माहीत आहेत: पंचाहत्तरीचे, उंच, पांढरी दाढी, शेजारच्याच घरात राहतात आणि आपल्यापेक्षा बरं हिंदी बोलतात. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे राशिदच्या मनात आलं की आमचा अर्धा व्हिला एखाद्या कंपनीला स्टाफसाठी द्यावा, भाडं दीडपट येईल. म्हातारबाबा म्हणाले, महिनाभर विचार करतो. काका, अशा महिन्यात शहाणा भाडेकरू घरमालकासमोर कसा वागेल? खजूर खाईल, कॉफी पिईल आणि हवामानावर बोलेल. मी त्यांची बंदूक फोडली.

झालं असं. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या बैठकीत जातो. बोलता बोलता तुमच्या बाराबोरी बंदुकीचा विषय निघाला. मी तुमच्याबद्दल चार शब्द बोललो (चारातले तीन खरे होते). ते खूश झाले, आतून वडिलांची जुनी दुनळी घेऊन आले. माणूस शिस्तीचा: परवाना भिंतीवर फ्रेममध्ये, बंदूक मधोमध मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं मला दाखवलं आणि मगच हातात दिली. मला वाटलं, तुम्हाला पाठवायला एक फोटो होऊन जाऊ दे. सोबत आलेल्या वेदांगला मोबाइल धरायला सांगितलं, छाती पुढे काढली आणि देवळाबाहेरच्या भालदारासारखी बंदूक दाणकन संगमरवरावर उभी केली. पापड मोडावा तसा आवाज आला. दस्त्याच्या बुडाला, जिथे तो खांद्याला टेकतो, तिथे एक काळी पट्टी असते ना, तिचा कोपरा तुटून सोफ्याखाली गेला. वेदांग म्हणाला, "बाबा, प्लीज डोन्ट टच एनीथिंग एल्स."

बू राशिद म्हणाले, "माफी मुश्किला." म्हणजे काही हरकत नाही. पण बारा वर्षांत मला एवढं कळलं आहे की ज्या गोष्टीची खरंच हरकत नसते तिच्याबद्दल ते काहीच म्हणत नाहीत. घाबरून मी बोलून गेलो, की काळजी नको, बंदुकीचं काम आमच्या घराण्यातच आहे, नवी पट्टी मी बसवून देतो. (घराणं म्हणजे तुम्ही. तेव्हा आपण दोघेही यात आहोत.)

बंदूक घराबाहेर न्यायची नाही, हे त्यांनीच सांगितलं. दोन स्क्रू काढून त्यांनी तुटकी पट्टी हलव्याच्या डब्यात घालून मला दिली. इथला बंदुकांचा दुकानदार म्हणाला, हा माल बंद झाला, परदेशात शोधू, चार महिने, इन्शाल्ला. चार महिन्यांत आम्ही सामानासकट रस्त्यावर. म्हणून दीड तास गाडी हाणून दुबईत अल क्वोजला सोमनाथकडे गेलो. हा सिन्नरचा, फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार. पट्टी कशाची आहे ते मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर चार पावलं मागे सरकला. "साहेब, माझा व्हिसा अजून दोन वर्षं आहे हो!" म्हटलं, अरे, साबणदाणीएवढं प्लास्टिक आहे, याने मच्छरही मरत नाही. तेव्हा उरल्यासुरल्या शिसवीतून करून द्यायला तयार झाला.

इथे मी आपल्या संस्कारांना जागलो. लहानपणी तुम्ही माझा शाळेचा गणवेश घ्यायचात तो वाढत्या अंगाचा. मीही सोमनाथला म्हणालो, मापापेक्षा बोटभर मोठी ठेव, घासून बसवू. बंदुकीचं वय ऐंशी, ती आता कुठली वाढतेय! पट्टी लावून पाहिली तर दस्त्याने टोपी घातल्यासारखी दिसत होती. मग तीन शुक्रवार आमचा एकच कार्यक्रम: बू राशिद बंदूक आणत, नळ्या रिकाम्या दाखवत (तिन्ही वेळा), स्वतः धरून बसत, मी पट्टी टेकवून पेन्सिलीने खूण करायची आणि आमच्या अंगणात येऊन पॉलिश पेपरने घासायची. मृणालिनीच्या अळूवर शिसवीचा बुकणा बसला. तिसऱ्या शुक्रवारी अंमळ जास्तच घासलं आणि पट्टी मूळ पट्टीपेक्षा निम्मी पातळ झाली. मी मनातल्या मनात खोकी मोजायला लागलो.

त्यांनी स्क्रू आवळले, उभे राहिले, रिकामी बंदूक खांद्याला लावली. पुन्हा लावली. खांद्याच्या ऑपरेशननंतर म्हणे ती त्यांना लांब पडत होती, बगलेत अडकायची. आता बरोब्बर बसली. "राजन, तुम तो उस्ताद निकला!" आणि वर, "घर का फिकर खलास." काका, माणसाच्या हातात कला असली की छप्पर कुणी काढून घेऊ शकत नाही, हे मी त्या क्षणी अनुभवलं.

पत्र नूरुद्दीनभाईंबरोबर पाठवतो आहे, ते रविवारी राजापूरला घरी पोचतात, तिथून तुमच्याकडे आणून देतील. सोबत खजूर आहेत, काकूंनी ते मोजून द्यावेत.

आपला,
राजन

ता. क. बू राशिद जानेवारीत मुंबईला येणार आहेत आणि तिथून लांज्याला, खास तुम्हाला भेटायला. तरी लोकसभेच्या निवडणुकीत तुम्ही पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक, जी 'आणू सावकाश' म्हणत अजून आणलेली नाही, ती कृपया सोडवून आणावी. पत्राचं खरं कारण एवढंच.

ता. ता. क. त्यांनी विचारलं तर तुम्ही मारलेली रानडुकरं सात. मी सात सांगितली आहेत.

आप्पाकाका, नमस्कार. मृणालिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. हा व्हिला बू राशिद यांच्या नावावर नाही, त्यांच्या बायकोच्या, उम्म राशिदच्या, आहे. बंदूक फुटली त्याच्या पुढच्या मंगळवारी मी उम्म राशिदकडे अळूवड्या घेऊन गेले होते, तेव्हाच त्यांनी आमच्या दोन वर्षांच्या भाडेकरारावर सही केली. यांना सांगणार होते, पण बारा वर्षांत पहिल्यांदाच हे शुक्रवारी तोंड मिटून काहीतरी घासत बसले होते. उम्म राशिदही म्हणाल्या, आमचेही बरे रमलेत, राहू दे.